शिडी उतरायची मुभा

डायव्हिंगच्या प्रशिक्षकाला पाण्यात उतरावंच लागत नाही. पोहणं शिकवणारे सर निदान कमरेइतक्या पाण्यात उभे राहून पोरांचे पाय धरतात, आम्ही काठावर. डोक्यावर टोपी, पायात रबरी चपला, हातात मोबाइल आणि मान सतत वर. शाळा-कॉलेजात जिचे केस कधी धड वाळले नाहीत, ती मुलगी आता कोरड्या डोक्यानं घरी येते याचं सगळ्यात जास्त नवल आईला वाटलं. सुरुवातीला ती विचारायचीसुद्धा, "आज तलावावर गेली नव्हतीस का गं?"

मी ठाण्यात, नौपाड्यात वाढले. पोहायला शिकले महापालिकेच्या तलावावर, पण उडीची चटक लागली आजोळच्या विहिरीवर. मामेभाऊ काठावरून मुटके मारायचे आणि ज्याचं पाणी थारोळ्यापर्यंत उडेल तो त्या दिवसाचा राजा. ठाण्यात तलावावरच्या सरांनी मला पाणी न उडवता आत जायला शिकवलं, आणि पुढची बरीच वर्षं त्या एका गोष्टीत गेली. उडी मारायच्या बोर्डासाठी पहाटेच्या लोकलनं दादर, शिवाजी पार्क. मोठी स्पर्धा असली की पुण्याला बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी बांधलेल्या त्या संकुलात १० मीटरचा टॉवर होता. राज्य स्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धा, थोडी पदकं. समोर सोलापूरच्या मुली असल्या की आमचं पदक बहुधा तिसरं.

मग खांदा गेला. यात नाट्यमय काही नाही. १० मीटरवरून पाण्यापर्यंत पोहोचायला साधारण दीड सेकंद लागतो आणि पाण्यात शिरताना वेग असतो ताशी ५० किलोमीटरच्या आसपास. हा वेग सगळ्यात आधी तळहातांवर येतो. आम्ही नमस्कारासारखे टोकदार हात करून आत जातो असं लोकांना वाटतं. तसं नसतं. एका हातानं दुसऱ्याचा पंजा धरायचा, तळहात सपाट करून पाण्याकडे वळवायचा, कोपर ताठ, दंड कानांना चिकटलेले. तळहात पाण्यात भोक पाडतात, बाकीचं अंग त्या भोकातून जातं. आत गेल्या गेल्या हात फाकवायचे, म्हणजे उडायला निघालेलं पाणी खाली ओढलं जातं आणि वर नुसता 'फर्र' आवाज येतो. तो आवाज आला की काय वाटतं ते सांगता येणार नाही. पण तो पुन्हा पुन्हा मिळवायचा तर मनगटं आणि खांदे पुन्हा पुन्हा तो धक्का खातात. माझ्या उजव्या खांद्यानं एका हंगामात जाहीर केलं की आता पुरे.

नोकरी, लग्न, घोडबंदर रोडवर घर. सोसायटीत तलाव होता, चार फूट खोल, भिंतीवर ठळक अक्षरांत 'उडी मारण्यास सक्त मनाई'. रोज संध्याकाळी खिडकीतून ती पाटी दिसायची.

एक दिवस सरांचा फोन आला. ते आता थकले होते. खाडीपलीकडे नवी मुंबईत एका शाळेच्या तलावावर १ मीटर आणि ३ मीटरचे बोर्ड होते, चार पोरं शिकत होती. "शनिवार-रविवार येशील का? मला शिडी चढवत नाही आता," म्हणाले. मी हो म्हटलं. हौस म्हणून, खरं सांगायचं तर.

पहिलं आठवतं ते असं: एका मुलानं विचारलं, "ताई, टकमधून नेमकं कधी सुटायचं?" टक म्हणजे गुडघे छातीशी आवळून गुंडाळलेलं अंग. मी तोंड उघडलं आणि वाक्यच येईना. करून दाखवायला खांदा नाही, सांगायला शब्द नाहीत. सर शेजारी खुर्चीत बसून हसत होते. त्यांनी माझ्या हातात नियमांचं पुस्तक दिलं आणि पंचांच्या परीक्षेला बसवलं. शिकवायच्या आधी बघायला शीक, हा त्यांचा हिशेब.

तो हिशेब बरोबर निघाला. खेळाडू असताना गुण म्हणजे फलकावर लागणारा आकडा. पंच म्हणून बसलं की तोच आकडा सुटा करावा लागतो: सुरुवातीची उभं राहण्याची पद्धत, चाल, टेक-ऑफ, हवेतलं अंग, पाण्यात शिरणं. ० ते १०, अर्ध्या-अर्ध्या गुणानं. ५ ते ६.५ म्हणजे समाधानकारक, ७ पासून चांगली, ८.५ पासून फार चांगली. सात पंच असतील तर वरचे दोन आणि खालचे दोन आकडे उडवायचे, उरलेल्या तिघांची बेरीज आणि तिला उडीच्या काठिण्यानं गुणायचं. ३ मीटरवरून पुढची अडीच कोलांटी, पाइकमध्ये (गुडघे ताठ, कमरेत वाकून), म्हणजे १०५बी, काठिण्य २.४. मधले तीन गुण ७, ७ आणि ६.५ आले तर २०.५ गुणिले २.४, म्हणजे ४९.२. पोरांना हा हिशेब फार आवडतो. गणितात नापास होणारेही लोकलमध्ये बोटांवर करून दाखवतात. मोठ्या काठिण्याची उडी अर्धीकच्ची मारण्यापेक्षा लहान उडी नीट मारली तर काय हाती लागतं, हे त्यांना माझ्या उपदेशापेक्षा गुणाकारातून जास्त पटतं.

बघणं थोडं जमल्यावर ओरडणं शिकायला लागले. ही कला बाहेरच्यांना कळतच नाही. नवी कोलांटी शिकताना अंग गुंडाळलेल्या पोराला आपण कुठे आहोत याचा पत्ता नसतो, म्हणून कधी सुटायचं ते प्रशिक्षक काठावरून ओरडून सांगतो. 'आउट!' ३ मीटरवरची उडी सव्वा-दीड सेकंदात आटोपते. तुमचा आवाज कानात शिरून पोराचं अंग हलेपर्यंत त्यातला पाव सेकंदाच्या आसपास गेलेला असतो. म्हणजे पोर योग्य जागी दिसल्यावर ओरडलात तर उशीर झाला. पाव कोलांटी जास्त झाली तरी डोकं जायचं तिथे पाठ जाते, आणि ३ मीटरवरून पाठीवर पडलेल्या पोराला पुन्हा वर चढवणं किती अवघड असतं ते त्याच्या लाल पाठीकडे बघूनच कळतं. जे अजून झालेलंच नाही ते बघून ओरडायचं.

मी कित्येक आठवडे तोंड बंद ठेवलं. सर ओरडायचे, मी त्याच्या आधी मांडीवर बोट आपटायचे. मग मोबाइलवर संथ गतीनं उडी पाहायची आणि सरांचा आवाज कुठे पडला, माझं बोट कुठे पडलं, ते ताडून बघायचं. दोन्ही एका जागी पडायला लागले तेव्हा सर एका रविवारी न सांगता चहा प्यायला निघून गेले आणि बोर्डवर पोर उभं होतं. मी ओरडले. बरोबर पडलं ते.

यापुढचं मात्र सरांनी शिकवलेलं नाही. उलट त्यांच्या शिकवणीविरुद्ध आहे, आणि ते हयात असताना त्यांच्याशी वाद घालून मी ते लावून धरलं.

आमच्या वेळी नियम एकच होता. वर चढलात की खाली यायची वाट पाण्यातूनच. सर दुष्ट नव्हते, मायाळू होते. तेव्हा सगळीकडेच हे असं चालायचं. शिडीनं खाली येणाऱ्या मुलीला आठवडाभर 'लिफ्ट मिळाली का?' म्हणून चिडवायचे. त्यानं आम्ही धीट झालो, हे मी नाकारत नाही. पण आम्ही बोलायचंही थांबलो. माझी एक मैत्रीण सर्दी असताना वर गेली. नाक चोंदलेलं, कानात दडा. खाली येऊन सांगायची लाज, म्हणून तिनं उडी मारली आणि कानाचा पडदा फाटला. सर्दीत डायव्हिंग करायचं नाही, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. सांगायचं कसं, ते माहीत नव्हतं.

म्हणून माझ्याकडे ३ मीटरच्या बोर्डवरचा पहिला धडा उडीचा नसतोच. वर चढायचं, कठडे संपतात तिथे क्षणभर थांबायचं, टोकापर्यंत चालत जायचं, पायाची बोटं कडेला लावून उभं राहायचं आणि समोर काय दिसतं ते मोठ्यानं सांगायचं. पारसिकचा डोंगर, पलीकडची इमारत, वाळत घातलेल्या साड्या. मग वळायचं, परत यायचं आणि शिडीकडे तोंड करून, दोन्ही हातांनी धरून, ओल्या पायऱ्यांवर एकेक पाय ठेवत खाली उतरायचं. त्या दिवशी कुणीच उडी मारत नाही. ज्याला मारायची खुमखुमी असते त्यालाही नाही.

प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या पालकांना हे झेपत नाही. पैसे भरलेत, सुट्टी मे महिन्यापुरतीच, आणि मॅडम पोराला शिडी चढायला-उतरायला शिकवतायत! एका बाबांनी मला ऐकवलं, "चीनमध्ये चौदा वर्षांच्या मुली ऑलिंपिक जिंकतात." जिंकतात, खरंच. क्वान होंगचान टोकियोत १० मीटरला सुवर्ण जिंकली तेव्हा चौदाचीच होती, आणि पॅरिसला २०२४ मध्ये डायव्हिंगची आठही सुवर्णपदकं चीननं नेली. पण तिथे पोरं पाण्याइतकाच वेळ जमिनीवर असतात: ट्रॅम्पोलिन, फोमचा खड्डा, कमरेला दोरीचा पट्टा. आमच्याकडे ठाण्यातल्या एका जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोन संध्याकाळी उधारीवर मिळालेली गादी आहे. तेव्हा आमचा जिना जरा जास्त पायऱ्यांचा असणार.

नवी उडी असेल तेव्हा वर उभ्या असलेल्या पोरानं मला तिचा क्रमांक सांगायचा, पहिली हालचाल कुठली ते सांगायचं, आणि हवेत सगळ्यात आधी काय दिसेल ते सांगायचं. आभाळ, बोर्ड, स्वतःचे गुडघे, पाणी, जे असेल ते. सांगता आलं नाही तर खाली. रागावून नाही, शिक्षा म्हणूनही नाही. खाली ये, गादीवर करू, पुन्हा जा.

याला विरोध करणारे प्रशिक्षक मला भेटलेत आणि त्यांचा मुद्दा पोकळ नाही. स्पर्धेत चाल सुरू करून मध्येच थांबलात तर प्रत्येक पंचाच्या गुणातून २ वजा होतात, दुसऱ्यांदा थांबलात तर उडी शून्य. थांबायची सवय सरावात लागली तर ती स्पर्धेत नडणार, असं ते म्हणतात. माझं म्हणणं असं की चाल सुरू करण्याआधी थांबणं आणि सुरू केल्यावर थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीची मुभा असलेलं पोर दुसरी सहसा करत नाही. शिवाय सगळ्यात धोक्याची उडी कुठली? अर्ध्या मनानं मारलेली. रिव्हर्स घ्या. बोर्डवर पुढे तोंड करून उभं राहायचं, पुढे झेपावायचं आणि हवेत मागे, म्हणजे बोर्डच्या दिशेनं फिरायचं. ज्याच्या मनात शंका असते तो बोर्डपासून पुरेसा लांब जात नाही, आणि ज्या बोर्डाची भीती वाटत होती त्याच्याच जवळ फिरतो.

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ग्रेग लूगानिसचं डोकं बोर्डला आपटलं ते रिव्हर्समध्येच, अडीच कोलांट्यांच्या. प्राथमिक फेरी होती. टाके घातले, ते पुन्हा चढले, दुसऱ्या दिवशी सुवर्ण जिंकलं. ही गोष्ट आमच्या खेळात धाडसाची म्हणून सांगतात. मला त्यातलं दुसरंच काही दिसतं: जगात सगळ्यात देखणी उडी मारणाऱ्या माणसालाही बोर्ड लागू शकतो. रिव्हर्स शिकवायच्या आठवड्यात ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही. मुलं ती मोबाइलवर शोधून काढतातच आणि मग मला दाखवायला आणतात.

मुभा फक्त घाबरणाऱ्यांसाठी आहे असा पालकांचा समज होतो. माझ्याकडे एक मुलगा होता, नववीतला, भीती नावालाही नाही. दीड कोलांटी, अडीच कोलांटी, सांगाल ते. पाण्यातून वर आला की मी विचारायचे, "पाणी कुठे दिसलं?" तो म्हणायचा, "नाही दिसलं ताई, पण झालं ना!" झालं होतं, खरं आहे. चांगलं झालं होतं. पण तो हवेत कुठे होता ते त्याला माहीत नव्हतं, आणि अशा पोराचं एक दिवस अचानक बिनसतं. गिरक्या सुरू झाल्या की वर-खाली कळेनासं होतं. मी त्याला पुन्हा १ मीटरवर आणलं. त्याचे वडील भडकले. जिल्ह्याची स्पर्धा तोंडावर होती, पुढे दहावी, खेळाचे वाढीव गुण. मी त्यांना जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सचं सांगितलं. टोकियोत सांघिक अंतिम फेरीत एक व्हॉल्ट करून ती थांबली, कारण हवेत आपण कुठे आहोत ते तिला कळेनासं झालं होतं. आणि तीच बाई तीन वर्षांनी पॅरिसला तीन सुवर्णं घेऊन गेली. ते म्हणाले, "ती बाइल्स आहे मॅडम. माझ्या पोराला एकच संधी आहे." महिनाभरानं मुलगा यायचा बंद झाला. आता वॉटरपोलो खेळतो असं कळलं. तलाव मोठा, खेळ बरा, तब्येत छान. पण हवेत तो सुंदर दिसायचा हो. अजूनही एखादा मुलगा टकमध्ये घट्ट आवळून घेतो तेव्हा मला तो आठवतो आणि वडिलांशी अजून थोडं बोलायला हवं होतं का, असा विचार येतो. उत्तर काही सापडत नाही.

ऐरोलीच्या मुलीचं उलटं. सातवीत, अंगानं लवचिक, इनवर्ड (बोर्डकडे तोंड करून पुढे फिरायचं) छान, बॅक (पाण्याकडे पाठ करून मागे फिरायचं) छान, रिव्हर्स म्हटलं की चेहरा पांढरा. पूर्ण पावसाळा तिनं रिव्हर्सची शिडी चढण्या-उतरण्यात काढला. पावसाळा आमचा तसाही अर्धा वाया जातो. तलाव उघडा, वीज कडाडली की सगळे बाहेर, बोर्ड बुळबुळीत. मी तिच्यासाठी उडी चिरून लहान केली. आधी जमिनीवर पाय उचलून पाठीवर गादीत पडणं. मग काठावरून. मग १ मीटरवरून नुसती पायांवर उडी, पण गुडघे वर खेचून, अंग थोडं मागे झुकवून. तलावाला वरून पाण्याचे फवारे मारायची सोय नाही, आणि पाणी स्तब्ध असलं की पृष्ठभाग कुठे आहे ते वरून कळत नाही; थेट तळाच्या फरशा दिसतात. म्हणून बागेचा पाइप सोडून पाणी हलतं ठेवायचं. ते काम तिच्या आजीनं उचललं. नऊवारीतल्या आजी काठावर पाइप धरून उभ्या, आणि नात वर.

नात खाली आली की आजी विचारायच्या, "आज नाही का?" नात म्हणायची, "आज नाही." आजी पाइप गुंडाळायच्या. मला पालक म्हणून हीच आजी सगळ्या पोरांना हवी आहे.

गणपतीनंतर एका सकाळी ती वर गेली, क्रमांक सांगितला, "३०१सी," पहिली हालचाल सांगितली, "आधी आभाळ, मग पाणी दिसेल" म्हणाली आणि गेली. पाय जरा पुढे पडले, पाणी बरंच उडालं. पंच असते तर मी ४.५ दिले असते, त्याहून जास्त नाही. तिलाही तसं सांगितलं. तिनं गाडी पुसायचं असतं तसलं मऊ कापड पिळून पाय पुसले (टकमध्ये ओल्या नडग्यांवरून हात निसटतात, म्हणून प्रत्येक डायव्हरकडे ते असतं) आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.

सरांनी हे सगळं खुर्चीतून पाहिलं होतं. ते शेवटपर्यंत माझ्याशी सहमत झाले नाहीत. "तू त्यांना खाली यायची गोडी लावतेस," म्हणायचे. एकदा मी विचारलं, "सर, तुम्ही कधी शिडीनं उतरलात का हो?" ते म्हणाले, "आमच्या वेळी शिडीच नव्हती, दोरीला धरून चढायचो." आता यावर काय बोलणार!

शनिवारी सकाळी ठाणे–वाशी लोकलनं आम्ही एकत्र जातो. पोरं दारापासून लांब उभी राहून हातांनी उड्या मारतात. म्हणजे हात वर, मग पोटाशी, मान वळवायची, परत हात वर. प्रत्येक डायव्हर उडीआधी असं करतो, अंगाला क्रम आठवावा म्हणून. रबाळे–घणसोलीच्या दरम्यान चढलेल्या बायका चमकून बघतात. एकीनं मला विचारलं, "नाचाची मुलं का?" मी हो म्हटलं, सकाळी सात वाजता डायव्हिंग समजावून सांगायची ताकद नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत चौघांना बालेवाडीला न्यायचं ठरतंय, टॉवर दाखवायला. ५ मीटर सगळ्यांना, ७.५ दोघांना. १० वरून कुणीच उडी मारणार नाही, पण चढणार सगळे, आणि टोकाला जाऊन उतरणार. ऐरोलीची आजी येते म्हणाली आहे. एवढ्या उंचीला तुमचा पाइप पुरेल का, असं तिनं विचारलंय. तिथे फवारे आहेत का ते फोन करून विचारायचं राहिलंय. एका आईचं अजून हो आलेलं नाही. ती म्हणते, उडी मारणार नसेल तर पुण्यापर्यंतचा खर्च कशाला. बुधवारपर्यंत सांगते म्हणालीय, तोवर गाडीवाल्याला थांबवून ठेवलंय.